वाताच्या आजारात हृदयाची तपासणी: टूडी इको, कार्डियाक एमआरआय आणि पेट स्कॅन कुठल्या क्रमाने, कोणत्या तयारीने

ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होते), मायोसायटिस (स्नायूंना सूज), ताकायासू (मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज), आमवात. या आजारांच्या फायलीत एक कागद हमखास सापडतो: टूडी इको, ईएफ ६० टक्के, नॉर्मल. पुढे जिना चढताना दम लागायला लागला की दोष हिमोग्लोबिनला, वजनाला नाहीतर काळजीला दिला जातो, कारण हृदय तर तपासून झालेलं असतं. ईएफ फक्त एवढंच सांगतो की डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो. या आजारांत हृदयाच्या आवरणात पाणी साठतं, झडपांवर गाठी धरतात, स्नायूत ठिकठिकाणी सूज येते, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढतो. हे सगळं सुरू असताना ईएफ बराच काळ जागचा हलत नाही.

त्यामुळे कुठल्या तपासण्या, हे समजून घेण्याइतकंच त्या कुठल्या क्रमाने आणि काय तयारी करून करायच्या हे समजणं महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं पेशंट, घरची माणसं आणि चिठ्ठी लिहिणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे.

इशारा: छातीत आत्ता दुखतंय, बसल्या जागी दम लागतोय, शुद्ध हरपून पडणं झालंय, तर इमेजिंगची तारीख घेत बसू नका. थेट कॅज्युअल्टीत जा. खालचा क्रम स्थिर असलेल्या पेशंटसाठी आहे.

## १. आधी प्रश्न लिहा, मग तपासणी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. चिठ्ठीवर नुसतं 'टूडी इको' असतं. इको करणाऱ्या डॉक्टरांना पेशंटला स्क्लेरोडर्मा आहे हेच माहीत नसेल, तर ते सर्वसाधारण इको करतात, आणि ठरावीक गोष्टी त्यात मोजल्याच जात नाहीत.

प्रत्येक आजार हृदयाला वेगळ्या जागी धरतो.

ल्युपसमध्ये सगळ्यात जास्त त्रास आवरणाला होतो. छातीत दुखतं, आडवं झाल्यावर वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं. सोबत रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर झडपांवर, विशेषतः मायट्रलवर, लिबमन-सॅक्स प्रकारच्या गाठी येऊ शकतात आणि त्यातून मेंदूत गुठळी जाऊ शकते. स्क्लेरोडर्मात दोन गोष्टी शोधायच्या: फुप्फुसातला वाढलेला दाब, आणि हृदयाच्या स्नायूत विखुरलेलं फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखा कडकपणा. मायोसायटिसमध्ये हृदयाच्या स्नायूची सूज. आमवातात मुख्य धोका कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, रक्तवाहिन्या लवकर अरुंद होण्याचा. म्हणूनच युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे युलरच्या, शिफारशीत नेहमीच्या हृदयधोक्याच्या गणिताला १.५ ने गुणायला सांगितलं आहे. ताकायासूत महाधमनी, तिच्या तोंडाशी असलेली झडप आणि कोरोनरीची तोंडं. दमा आणि वाढलेले इओसिनोफिल असणाऱ्या ईजीपीए या आजारात तर लक्षणं नसली तरी हृदय बघायलाच हवं.

चिठ्ठीवर एक पूर्ण ओळ लिहून घ्या. उदाहरणार्थ: 'स्क्लेरोडर्मा, ४ वर्षं. चढावर दम वाढला आहे. फुप्फुसातला दाब आणि उजव्या कप्प्याचं काम बघावं.' डॉक्टर घाईत असतील तर तुम्ही विनंती करा. यात कमीपणा काही नाही, आणि या एका ओळीने रिपोर्टचा दर्जा बदलतो.

आईच्या रक्तात अँटी-रो अँटिबॉडी असेल आणि ती गरोदर असेल, तर प्रश्न पोटातल्या बाळाच्या हृदयाचाही असतो. त्यासाठी साधारण १६व्या ते २६व्या आठवड्यात गर्भाचा इको करतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना ही अँटिबॉडी आहे हे पहिल्याच भेटीत सांगा.

## २. मशीनकडे जाण्याआधीच्या स्वस्त तपासण्या

१२ लीडचा ईसीजी. धडधड किंवा चक्कर असेल तर २४ तासांचं होल्टर. रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढतं), सीआरपी (सूज), सीबीसी आणि क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा.

मायोसायटिसच्या पेशंटनी इथे सावध राहावं. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय अशा दोन तपासण्या मिळतात. दंड-मांड्यांचे स्नायू सुजून पुन्हा भरत असताना त्यांच्यातूनही ट्रोपोनिन टी रक्तात येतं, म्हणून हृदय ठीक असूनही आकडा वाढलेला दिसतो. ट्रोपोनिन आय हृदयापुरतं जास्त भरवशाचं. लॅबमध्ये नमुना देण्याआधीच विचारा की त्यांच्याकडे कुठलं होतं. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर एनटी-प्रोबीएनपीही वाढलेलं येतं, हे ल्युपस नेफ्रायटिसच्या पेशंटनी लक्षात ठेवावं.

बीपी दोन्ही हातांत मोजा. वरच्या आकड्यात २० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर तो ठळकपणे फाइलवर लिहा. ताकायासूत दोन्ही हातांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर दोन्हीकडे बीपी खोटं कमी दिसतं आणि खरं बीपी पायातच कळतं. अशा पेशंटला 'लो बीपी आहे, मीठ-साखरेचं पाणी प्या' सांगणं धोक्याचं आहे.

तपासून घ्या: ईजीएफआरचा ताजा आकडा हातात आहे का? पुढे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसायला शिरेतून देतात ते औषध, द्यायची वेळ आली की सगळं त्यावर अडतं.

## ३. टूडी इको, पण पूर्ण

साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही. त्या वेळचं बीपी आणि नाडी रिपोर्टवर नोंदवून घ्या, कारण पुढच्या वर्षी तुलना करताना ते लागतात.

रिपोर्टमध्ये ईएफखेरीज या गोष्टी आहेत का बघा: आवरणात पाणी किती, प्रत्येक झडपेचं वर्णन, डाव्या कप्प्याचं शिथिल होणं, ग्लोबल लाँजिट्यूडिनल स्ट्रेन (ठोक्याला स्नायू लांबीत किती आखडतो), उजव्या कप्प्याचं काम म्हणजे टॅप्सी, आणि ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा (याला टीआर म्हणतात) वेग.

स्ट्रेनचा आकडा उणे असतो. निरोगी हृदयात तो साधारण उणे १८ ते उणे २२च्या आसपास राहतो. उणे १४ आला आणि ईएफ ६० असला, तर स्नायूत काहीतरी बिनसतंय आणि ईएफला ते अजून दिसलेलं नाही. स्ट्रेन प्रत्येक मशीनवर थोडा वेगळा येतो, त्यामुळे शक्यतो एकाच केंद्रात करा.

ट्रायकस्पिडचा वेग सेकंदाला २.८ मीटरपर्यंत असेल आणि इतर खुणा नसतील तर फुप्फुसातला दाब वाढलेला असण्याची शक्यता कमी. ३.४च्या वर असेल तर जास्त. मधल्या आकड्यांत उजव्या कप्प्याचा आकार आणि बाकीच्या खुणा बघून ठरवतात. टॅप्सी १७ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे उजवा कप्पा थकलाय.

इथे दोन उलट्या बाजूंच्या चुका होतात. पहिली: 'टीआर मोजता आला नाही' याचा अर्थ 'दाब नॉर्मल' असा घेणं. मोजता न येणं म्हणजे माहिती न मिळणं, एवढंच. दुसरी: इकोतल्या अंदाजी दाबावरच पल्मनरी हायपरटेन्शनचं निदान पक्कं करून महागडी औषधं सुरू करणं. इको फक्त शंका दाखवतो. निदान उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीने होतं, आणि त्यात सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर लागतो.

स्क्लेरोडर्मात लक्षणं नसली तरी दरवर्षी इको, फुप्फुसाची डीएलसीओ तपासणी (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) आणि एनटी-प्रोबीएनपी, हे तिन्ही एकत्र करावं. नुसता इको पुरत नाही. डीएलसीओ घसरत चाललं असेल आणि छातीच्या सीटीत फुप्फुस बरं दिसत असेल, तर इको ठीक असूनही पुढे जायला हवं असं माझं ठाम मत आहे.

झडपांवरच्या बारीक गाठी छातीवरून दिसल्या नाहीत, तर अन्ननलिकेतून इको करतात. त्याला साधारण ६ तास उपाशी राहावं लागतं. स्क्लेरोडर्माच्या पेशंटनी तोंड पूर्ण उघडत नाही, घास अडकतो, हे तारीख घेतानाच सांगावं. टेबलावर झोपल्यानंतर सांगितलं तर तपासणी रद्द होते किंवा इजा होते.

## ४. पुढची एकच तपासणी निवडा

स्नायूची शंका असेल तर कार्डियाक एमआरआय. कोरोनरीची असेल तर सीटी अँजिओग्राफी. महाधमनीच्या भिंतीची सूज बघायची असेल तर एमआर अँजिओग्राफी किंवा पेट-सीटी. फुप्फुसातल्या दाबाची असेल तर कॅथेटर. सगळ्या तपासण्यांचं पॅकेज घेऊ नका. पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर जिथे मिळतं तिथेच पैसे घाला.

## ५. कार्डियाक एमआरआय

केंद्राला फोनवर विचारायचे प्रश्न. एमआरआय मशीन असलेलं प्रत्येक केंद्र हृदयाचा एमआरआय करत नाही, आणि करणारं प्रत्येक केंद्र मॅपिंग करत नाही. विचारा: टी१ आणि टी२ मॅपिंग (स्नायूतलं फायब्रोसिस आणि सूज आकड्यांत मोजणं) होतं का? गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देऊन उशिराची चित्रं घेता का? रिपोर्ट हृदयाचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट देतात का?

गॅडोलिनियम दिल्यानंतर साधारण १० मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत व्रण पांढरे उठून दिसतात. पण त्यासाठी शेजारी निरोगी स्नायू असावा लागतो. स्क्लेरोडर्मासारख्या आजारात फायब्रोसिस सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर फरकच उरत नाही आणि चित्र स्वच्छ दिसतं. तिथे टी१ मॅपिंग आणि ईसीव्ही (स्नायूत पेशींच्या बाहेरची जागा किती टक्के) उपयोगी पडतात. टी२ मॅपिंग पाणी म्हणजे ताजी सूज दाखवतं. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, ठरवायला २०१८ मध्ये सुधारलेले लेक लुईस निकष टी१ गटातली एक आणि टी२ गटातली एक खूण मागतात. मॅपिंग नसलेल्या एमआरआयवर लिहिलेला 'नॉर्मल' म्हणूनच अर्धवट.

ईसीव्ही काढायला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, लागतं. सीबीसी त्याच दिवशीची किंवा आदल्या दिवशीची न्या. या आजारांत हिमोग्लोबिन सारखं खालीवर होतं. दोन महिन्यांपूर्वीचा आकडा घातला तर ईसीव्ही चुकतं.

वेळ. स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू झाले की सूज उतरते आणि तिची खूण चित्रातून जाते. शक्य असेल तर एमआरआय आधी करा. मात्र पेशंट गंभीर असेल तर एमआरआयसाठी उपचार थांबवायचे नाहीत.

इशारा: सूज दिसावी म्हणून चालू स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. बराच काळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

मूत्रपिंड. ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर कोणतं गॅडोलिनियम देणार ते विचारा. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट अशा नव्या गटातल्या औषधांत धोका फार कमी आहे, तरी निर्णय नेफ्रोलॉजिस्टना विचारूनच व्हावा. गरोदरपणात गॅडोलिनियम टाळतात.

आदल्या दिवशीची तयारी. श्वास सोडून १० ते १५ सेकंद थांबायचा सराव घरी करा. तपासणीत हे अनेकदा करावं लागतं. फुप्फुसाचा आजार असल्याने जमत नसेल तर आधीच सांगा. श्वास चालू ठेवून चित्रं घेण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांना वेळ जास्त लागतो. एरवी ४५ ते ६० मिनिटं सपाट झोपावं लागतं. आडवं झालं की ॲसिड वर येतं किंवा दम लागतो, हेही सांगा.

दागिने घरीच काढा. मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, सगळं. स्क्लेरोडर्मात बोटं सुजून अंगठी अडकलेली असते आणि ती केंद्रात निघत नाही, तारीख वाया जाते. दोन-तीन दिवस आधीच सोनाराकडून कापून घ्या. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड न्या; काही पेसमेकर एमआरआयला चालतात, पण आधी तपासून घ्यावं लागतं.

रेनॉड (थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं) असणाऱ्यांसाठी ती खोली म्हणजे शिक्षा असते, कारण मशीनसाठी ती थंडच ठेवतात. धातू नसलेले सुती हातमोजे, पायमोजे न्या, चादर मागा. हात गरम ठेवायच्या वापरून फेकायच्या पिशव्या आत नेऊ नका. त्यांत लोखंडाची पूड असते. कॅन्युला लावण्याआधी हात कोमट पाण्यात ठेवू द्या म्हणावं, कडक त्वचेखालची शीर त्याने सापडायला सोपी जाते.

ॲडेनोसिन हे औषध देऊन स्ट्रेस एमआरआय (हृदयावर औषधाने ताण देऊन केलेला) करणार असतील तर २४ तास चहा, कॉफी, चॉकलेट, कोला बंद. एक कप चहाही चालत नाही. दम्यासाठी थिओफायलिन किंवा डेरिफायलिनसारखी गोळी चालू असेल तर ती सांगा, कारण ती ॲडेनोसिनचं काम अडवते. दमा जोरात असेल तर ही तपासणी या औषधाने करू नये.

तपासून घ्या: ईजीएफआर, ताजी सीबीसी, आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी, जुन्या इकोचे रिपोर्ट, औषधांची यादी. या पाचांतलं एकही कमी असेल तर निघू नका.

## ६. सीटी कोरोनरी अँजिओग्राफी: एक धोका ठळकपणे

या तपासणीत रक्तवाहिन्या फुलवायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा किंवा गोळी देतात. स्क्लेरोडर्माचे बरेच पेशंट रेनॉडसाठी किंवा फुप्फुसातल्या दाबासाठी सिल्डेनाफिल नाहीतर टॅडालाफिल घेतात. ही दोन्ही एकत्र आली की बीपी धाडकन खाली जातं. सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टॅडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल तर नायट्रोग्लिसरीन द्यायचं नाही.

ही औषधं पुरुषांची म्हणून ओळखली जातात, त्यामुळे बायकाही ती घेतात हे सीटीच्या टेक्निशियनला सुचतच नाही, म्हणून तो प्रश्न त्यांना विचारला जात नाही. तुम्हीच सांगा, मोठ्याने सांगा, आणि फॉर्मवर लिहा. औषध मात्र मनाने बंद करू नका; फुप्फुसातल्या दाबासाठी ते चालू असेल तर डोस चुकवणं वेगळंच संकट आणतं.

नाडी ६०–६५च्या खाली आणायला मेटोप्रोलॉल देतात. रेनॉड आणि दमा, दोन्ही त्याने बिघडू शकतात, तेही सांगा.

कॅल्शियम स्कोअर (रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा) शून्य आला म्हणून तरुण ल्युपसच्या मुलीच्या कोरोनरी साफ आहेत असं धरू नका. कॅल्शियम न धरलेला मऊ थर त्यात दिसत नाही.

## ७. पेट-सीटी: आहाराची चूक म्हणजे स्कॅन फुकट

आधी विचारा, बघायचं काय आहे. ताकायासूत महाधमनीची भिंत बघायची असेल तर साधारण ६ तास उपाशी राहणं पुरतं. हृदयाच्या स्नायूतली सूज बघायची असेल, उदाहरणार्थ सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) असल्याची शंका आहे, तर तयारी पूर्ण वेगळी. निरोगी हृदयही साखर खातं आणि पेटमध्ये साखरच चमकते. हृदयाला चरबीवर चालायला लावलं तरच फक्त सुजलेली जागा चमकते.

त्यासाठी आदल्या दिवशी किमान दोन जेवणं भरपूर स्निग्ध आणि जवळजवळ पिष्ट-साखरेविना, आणि मग रात्रभर, साधारण १२ तास, फक्त पाणी.

चालतं: तुपात किंवा लोण्यात केलेलं ऑम्लेट, तळलेलं पनीर, पीठ-रवा न लावता तळलेला मासा, चिकन.
चालत नाही: पोळी, भाकरी, भात, डाळ, उसळ, दूध, दही, फळं, बटाटा, साखर, गूळ.

उपाशी यायला सांगितलं म्हणून साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं खाऊन येणारे पेशंट असतात. हे तिन्ही पदार्थ स्कॅन पूर्ण वाया घालवतात. गोड खोकल्याचं औषध, चघळायची गोळी, साखरेचा चहा, यांनीही तेच होतं. पेशंट दाखल असेल तर सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज नाही ना, हे वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. आदल्या दिवशी व्यायाम नको. काय आणि किती वाजता खाल्लं ते लिहून न्या, केंद्र ते बघूनच चित्राचा अर्थ लावतं. मधुमेह असेल तर इन्शुलिन आणि गोळ्यांच्या सूचना लेखी घ्या.

शाकाहारी, त्यातही अंडं न खाणाऱ्यांना हे कठीण जातं. पनीर, तूप आणि लोण्यावर दिवस काढावा लागतो, पण निभतं.

स्टेरॉइडने भिंतीची चमक लवकर मावळते. नव्याने सुरू करायचं असेल तर पेट शक्यतो त्याआधी किंवा पहिल्या ३ दिवसांत होईल असं बघा. पण पेशंट गंभीर असेल तर इथेही उपचार आधी, चित्र नंतर.

## ८. रिपोर्ट घेताना आणि वाचताना

फिल्म पुरत नाही. सगळ्या चित्रांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना मोजमाप पुन्हा करता आलं पाहिजे. टी१, टी२चे आकडे असतील तर शेजारी त्याच मशीनची नॉर्मल मर्यादा लिहिलेली हवी. १.५ टेस्ला आणि ३ टेस्ला (चुंबकाची ताकद) या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

व्रण कुठे आहे यावरून बराच उलगडा होतो. स्नायूच्या मधल्या थरात किंवा बाहेरच्या कडेला असेल तर सुजेमुळे. आतल्या कडेला आणि एकाच कोरोनरीच्या हद्दीत असेल तर हार्ट ॲटॅकची खूण. आतल्या कडेला पण सगळीकडून गोल फिरलेला असेल, तर ईजीपीए किंवा स्क्लेरोडर्मातल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार डोक्यात यायला हवा.

'ट्रिव्हियल टीआर' वाचून घाबरू नका, तो निरोगी माणसांतही असतो. ल्युपसमध्ये आवरणातलं थोडं पाणीही वारंवार दिसतं. ते वाढतंय का हे महत्त्वाचं.

रिपोर्ट संधिवाततज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. एकाला सूज दिसते आणि दुसऱ्याला पंप. औषध वाढवायचं की हृदयाचं औषध जोडायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. भेट जमत नसेल तर एकाची लेखी टिप्पणी दुसऱ्याकडे न्या, तोंडी निरोप नको.

## ९. पुन्हा कधी

स्क्लेरोडर्मात दरवर्षी, तिसऱ्या टप्प्यातल्या तिन्ही तपासण्या. मायोकार्डायटिसच्या उपचारानंतर एमआरआय साधारण ३ ते ६ महिन्यांनी, त्याच मशीनवर. बाकीच्या आजारांत लक्षण बदललं, ईसीजी बदलला किंवा ट्रोपोनिन वाढलं की.

फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता ठेवा: तारीख, केंद्र, ईएफ, स्ट्रेन, ट्रायकस्पिडचा वेग, टॅप्सी, डीएलसीओ, एनटी-प्रोबीएनपी, त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस. शेवटचा रकाना बहुतेक जण भरत नाहीत, आणि सूज औषधाने उतरली की औषधाखाली दडली आहे हे ठरवायला डॉक्टरांना तोच लागतो.